एवढे कायदे असून अपंगांचे हक्क कागदावरच का राहतात? सरकारने आता कोणती नवीन योजना आणायला हवी?

तुम्ही प्रश्नासोबत लिहिलंय की बहीण व्हीलचेअर वापरते, अनुदानित कॉलेज आहे, वर्ग पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि अर्ज घेऊन गेलात की "सहानुभूतीने विचार करू" एवढंच उत्तर मिळतं. माझं म्हणणं आधीच सांगतो, नवीन योजना नकोच. योजनांची यादी भरपूर लांब आहे. जे हक्क कायद्यात आधीच लिहिलेत ते कुणी द्यायचे, कधीपर्यंत द्यायचे आणि नाही दिले तर कुणाच्या खिशाला चाट बसणार, एवढं पक्कं करणारं धोरण हवंय, बाकी सगळं त्याच्या मागे आपोआप येतं.

मी स्वतः पोलिओवाला, एका पायात कॅलिपर असतं, आणि तालुक्याच्या गावात ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र चालवतो, त्यामुळे यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, संजय गांधी निराधार, एसटीची सवलत, शिष्यवृत्ती असं सगळं रोज माझ्याच टेबलावर येतं. तिथून जे दिसतं ते लिहितोय.

आधी रॅम्पचंच घ्या, कारण तुमचा प्रश्न तिथूनच सुरू झालाय. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला, त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले, आणि कलम ४५ म्हणतं की नियम आल्यापासून पाच वर्षांत अस्तित्वात असलेल्या सगळ्या सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा करायच्या. म्हणजे जून २०२२. ती तारीख येऊन गेली, आणि आमच्याकडे एका सरकारी ऑफिसला जो रॅम्प आहे तो बघा. दाराशी तीन पायऱ्या, प्रत्येकी साधारण १५ सेंटीमीटर, म्हणजे उंची झाली ४५. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उतार १:१२ पाहिजे, म्हणजे ४५ सेंटीमीटरला रॅम्पची लांबी ५.४ मीटर, जवळजवळ अठरा फूट. बांधलाय किती, तर फार तर सहा फूट. त्याच्यावरून मोटारसायकल चढते, व्हीलचेअर चढत नाही, मागून दोघांनी ढकललं तरी चाक मागे येतं, आणि उतरताना माणूस तोंडावर पडायची भीती. कठडा नाही. पण कागदावर "रॅम्प उपलब्ध आहे" असा रिपोर्ट गेलेला आहे आणि बिलही निघालंय.

असं का होतं याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने दिलंय आणि ते प्रत्येकाला माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. राजीव रतुरी म्हणून एक दृष्टिहीन गृहस्थ, त्यांनी २००५ मध्ये याचिका टाकली होती की रस्ते, इमारती, वाहतूक आम्हाला वापरता आली पाहिजे. २०१७ मध्ये कोर्टाने आदेश दिले, पुढे अंमलबजावणीचं काय झालं हे तपासायचं काम नालसार विद्यापीठाच्या दिव्यांग अभ्यास केंद्राला दिलं, आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला. कोर्ट म्हणालं की कायद्याचं कलम ४० सक्तीचे नियम करा असं सांगतं, पण सरकारने केलेल्या नियमांतला नियम १५ बघितला तर तो वेगवेगळ्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो, आणि त्या सूचनांची भाषा "करावे, करता येईल, शक्यतो" अशी. कायदा सांगतो केलंच पाहिजे आणि नियम सांगतो जमलं तर बघा. म्हणून नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सरकारला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितले, म्हणजे किमान एवढं झालंच पाहिजे अशी एक पातळी ठरवा, त्याच्या वरचं हळूहळू करा. आता विचार करा, याचिका २००५ ची, नियम "सक्तीचा नाही" हे ठरायला २०२४ उजाडलं, तेवढ्यात एक पिढी शाळा सोडून घरी बसली.

आणि सक्ती कुठे लावायची तेही कायद्यातच आहे. कलम ४४ वाचा, आराखडा नियमांप्रमाणे नसेल तर बांधकाम परवानगी द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. हे एक कलम नगरपालिका, महानगरपालिकांनी खरंच पाळलं तरी नवीन इमारतींचा प्रश्न संपतो, कारण बिल्डर असो की संस्थाचालक, पूर्णत्वाचा दाखला अडला की धावत येतो. पण शिक्षा बघा, कायदा मोडला तर पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. २०२० मध्ये लॉकडाऊनच्या दिवसांत तर यातला काही भाग गुन्ह्यातून काढून सौम्य करायचा प्रस्ताव केंद्राने पुढे केला होता, देशभरातल्या अपंग संघटनांनी विरोध केला म्हणून तो मागे घेतला. हे हक्क असेच राहिलेत, कुणीतरी लढलं म्हणून.

आता उलट बाजू, कारण सरकारला जमतच नाही असं नाहीये. २०२४ च्या लोकसभेला ४०% किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांना घरून मतदान करता आलं. का जमलं? फॉर्म ठरलेला, १२ डी. मुदत ठरलेली, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यायचा. फॉर्म घेऊन घरी कोण येणार तेही ठरलेलं, बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी. चुकलं तर जाब कुणाला विचारायचा हे त्यालाही माहीत आणि आपल्यालाही. आमच्याकडच्या एक मावशी, अंथरुणाला खिळलेल्या, मतपत्रिका घेऊन पथक दारात आलं तेव्हा त्यांनी नवी साडी नेसवून घेतली होती. तेच सरकार, तेच कर्मचारी, फक्त काम कुणाचं आणि कधीपर्यंत याची उत्तरं आधी लिहिलेली होती.

पैशाचंही बोललं पाहिजे. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५% अपंगांसाठी खर्च करायचे असा शासनाचा आदेश आहे, आणि कल्पना चांगलीच आहे, पण गावात काय होतं बघा. समजा गावाचं स्वउत्पन्न वर्षाला चार लाख, घरपट्टी पाणीपट्टी धरून, तर ५% झाले वीस हजार. गावात नोंद झालेले पंचवीस जण असले तर माणशी आठशे रुपये. मार्च एंड जवळ आला की ते वाटून टाकतात, सही घेतात, संपला विषय. आणि एमआयडीसीला लागून असलेल्या गावात हाच आकडा कितीतरी मोठा. म्हणजे मदत किती मिळणार हे माणसाच्या गरजेवर नाही, तो कुठल्या गावात जन्मला त्यावर ठरतं. गरीब गावाला कमी पडणारी रक्कम राज्याने भरून द्यावी आणि निदान निम्मी तरी शाळेचं टॉयलेट, दवाखान्याचा रॅम्प अशा कायमच्या कामाला लावावी, हे धोरण म्हणून मागायला पाहिजे. संजय गांधी योजनेतली रक्कम २०२५ मध्ये अपंगांसाठी दीड हजारावरून अडीच हजार झाली, चांगलंच झालं, पण अडीच हजार हातात घेऊन पायरी चढता येत नाही.

अपंगत्वाच्या दाखल्याचा विषय वेगळाच. कायद्यात आता अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल घरोघरी ऐकू येतं, पण सरकारी नोकरीतल्या ४% आरक्षणाचं कलम ३४ काढून वाचा, त्यात रक्ताचे हे आजार नाहीत. मुलाकडे कार्ड आहे, कोटा नाही. आणि वर्षानुवर्षं सगळं अडतं ते टक्क्यांवर. ३९% आला की काही नाही, ४०% आला की सगळं. त्याच्याही उलटा प्रकार म्हणजे टक्के जास्त म्हणून दार बंद. ओमकार गोंड नावाच्या मुलाला बोलण्यातल्या अडचणीमुळे ४०% च्या वर अपंगत्व निघालं म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं, मुंबई हायकोर्टातून केस सुप्रीम कोर्टात गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल लागला की नुसता टक्का बघून कुणाला बाद करता येणार नाही, हा विद्यार्थी शिक्षण पूर्ण करू शकतो का ते अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाने तपासायचं. हे फक्त मेडिकलपुरतं कशाला, प्रत्येक बोर्डाने असंच बघायला पाहिजे.

आणि मोजणीच धड नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग, महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर, पण त्या फॉर्ममध्ये प्रकार होते आठच. त्या आकड्यांवर आजची बजेटं बेतायची म्हणजे ऑटिझमवाली, पार्किन्सनवाली माणसं वेगळी मोजलेलीच नाहीत. २०२७ च्या जनगणनेत २१ प्रकार विचारा ही मागणी आत्ताच लावून धरायला हवी, नंतर दहा वर्षं हात चोळत बसावं लागेल.

माझ्या कामातलं एक सांगतो. बँकेचं ऑनलाइन केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा असं ॲप सांगतं. अंध माणसाला स्क्रीनवर काय आलंय तेच कळत नाही, आणि ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या गेल्यात त्यांनी मिचकवायचं काय? अशाच तक्रारीवर ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, अनुच्छेद २१ चा भाग आहे असं सांगितलं. आता रॅम्प जितका दारात पाहिजे तितकाच ॲपमध्येही पाहिजे, आणि सरकारने टेंडर काढतानाच ही अट घालावी, नंतर दुरुस्ती कुणी करत नाही.

आता तुमच्या बहिणीचं. तोंडी बोलणं बंद करा. प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज द्या, आवक नंबर टाकलेली पोच घ्या. त्यात कलम १६ लिहा, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत इमारत वापरण्याजोगी होईल आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोय मिळेल हे सरकारने बघायचं, असं ते कलम सांगतं. लिफ्ट होईपर्यंत तिचे वर्ग, प्रॅक्टिकल, परीक्षा तळमजल्यावर घ्या अशी मागणी स्पष्ट शब्दांत करा, कारण अशी वाजवी सोय नाकारणं म्हणजे भेदभाव, हे कलम २ मधल्या व्याख्येतच आहे. तरी हललं नाही तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त बसतात, त्यांच्याकडे पोचेची प्रत जोडून तक्रार पाठवा. त्यांना साक्षीला बोलावणं, कागद मागवणं असे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली की संस्थेला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, मान्य नसेल तर कारण लेखी द्यावं लागतं आणि ते तुम्हालाही कळवावं लागतं.

ती शिफारस आहे, आदेश नाही, हीच माझी सरकारकडे सगळ्यात मोठी मागणी आहे की आयुक्तांचा निर्णय बंधनकारक करा आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यांचं बसायचं ठिकाण करा, सिंधुदुर्ग किंवा गडचिरोलीच्या माणसाने व्हीलचेअर घेऊन पुण्याला हेलपाटे कसे मारायचे. पण आज जे हातात आहे ते वापरा. अर्जात "विनंती आहे की कृपया" वगैरे लांबण लावू नका, कलम, मागणी, तारीख आणि उत्तर लेखी द्या, एवढं एका पानात बसतं. परीक्षेचं वेळापत्रक लागायच्या आधी द्या म्हणजे बैठक व्यवस्था बदलायला त्यांच्याकडे वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही.