फुकटच्या सिनेमाला ‘पैसा वसूल’ म्हणणाऱ्यांचं किती ऐकावं?

तुम्ही विचारलंय, की प्रदर्शनाआधी मोफत शो लावून प्रेक्षकांच्या ज्या प्रतिक्रिया घेतात त्या खऱ्या असतात, की फुकट बघायला मिळालं म्हणून लोक गोड बोलतात? आणि सिनेमा खेळावरचा, निम्मा हसवणारा निम्मा रडवणारा असेल तर काय होतं?

मी अशा एकाच शोला गेलोय, सोलापुरात. त्यावरून सांगतो. दिवे बंद असताना लोक जे करतात ते खरं असतं. दिवे लागल्यावर जे बोलतात ते फार मनावर घेऊ नका. फुकटेपणाचा त्यात वाटतो तितका हात नसतो.

२०२५ मधली गोष्ट. गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, होम मैदानावर पाळण्यांचे सांगाडे उतरवणं चाललं होतं. त्याच जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला होता. आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्रातले. त्यामुळे एरवी क्रिकेटशिवाय दुसरं न बोलणारी पोरंसुद्धा चहाच्या गाडीवर खो-खोबद्दल बोलत होती. अशात खो-खोवरच्या एका मराठी सिनेमाचे पास आले. शाळांचे संघ, तालमी, बचत गटाच्या बायका, गणपती मंडळं, सगळीकडं गठ्ठ्यानं वाटले. मला मिळाला तो जुना पंच म्हणून. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, पण पंधरा-सोळा वर्षं शालेय सामन्यांना पंच म्हणून उभा राहिलोय. शिट्टी अजून कपाटात आहे.

सिनेमाचं नाव सांगत नाही. आत सोडताना मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावला आणि ‘कुठेही लिहिणार नाही’ अशा कागदावर सही घेतली. सिनेमा आता येऊन गेला, तरी सही ती सही. थिएटरचंही नाव नको, कारण त्यांचा एसी बंद होता.

सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर आलंच नाही, तेव्हाच ओळखलं की हा अजून कच्चा माल आहे. मध्येच एका ठिकाणी काळ्या पडद्यावर नुसतं लिहून आलं, ‘इथे एसटीचा शॉट येणार’. त्यालाही लोक हसले. त्या भाबड्या हसण्यानं सगळं थिएटर सैल झालं. निर्मात्यांना हे कळलं असतं तर तो शॉट त्यांनी घेतलाच नसता.

गोष्ट विदर्भातल्या एका गावाची, १९९० च्या दशकातली. मुलींच्या शाळेत खो-खोचा संघ काढायचा फतवा येतो आणि ती जबाबदारी पडते गणिताच्या मास्तरांवर. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही. ते फळ्यावर चौकोन काढून, पुस्तक हातात धरून खो-खो शिकवतात.

आता प्रतिक्रिया. आमच्याकडं त्या मोजायचं एक यंत्र आहे, त्याचं नाव शेंगा. पास देणाऱ्यांनी खाण्याची काही सोय केली नव्हती, म्हणून निम्म्या लोकांनी भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या. अंधारात टरफलं फुटण्याचा बारीक कडकड आवाज सतत चालू. सिनेमा पकड घेतो तेव्हा हा आवाज थांबतो, कारण हात तोंडापर्यंत जायचं विसरतात. ढिला पडला की पुन्हा कडकड. पहिल्या पंधरा मिनिटांतच मी पडद्यापेक्षा जास्त हा आवाज ऐकायला लागलो.

म्हैस मैदानात घुसते तो प्रसंग निर्मात्यांनी मोठ्या हौसेनं केला असणार. पाच मिनिटं म्हैस पळते, मास्तर पळतात, मुली पळतात. लोक हसले, पण पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईला बरी आहे म्हणावं तसं. शेंगा चालूच. मग अगदी साधं एक वाक्य आलं. मुलगी आईला सांगते, की तालुक्याला सामने आहेत. आई चुलीवरून मान वर न करता विचारते, “जिंकलं तर भांडं देतेत का?”

बचत गटाच्या रांगा अशा फुटल्या की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकू आली नाहीत. गावोगावच्या सामन्यांत बक्षीस म्हणून स्टीलची भांडी मिळायची, हे त्या बायकांना माहीत. आमच्याच घरात एक पातेलं आहे. त्यावर मशीननं ‘उपविजेता’ असं कोरलंय, त्यात अजून दूध तापतं. बायको माझ्या शेजारी होती. तिनं मला कोपर मारून म्हटलं, “तुमचं पातेलं.”

आमच्या पुढं पूर्व भागातल्या दोन म्हाताऱ्या आल्या होत्या, विडीच्या कारखान्यात आयुष्य गेलेल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. मराठी त्यांना येतं, पण पडद्यावरचं विदर्भातलं मराठी जरा वेगानं जात होतं. नात मधे बसून सांगत होती. त्यामुळे प्रत्येक विनोदाला थिएटर आधी हसायचं आणि क्षणभरानं या दोघी. पुढं पुढं लोक त्यांच्या हसण्याची वाट बघायला लागले आणि त्यालाच दुसऱ्यांदा हसायला लागले. कर्णधार मुलीचं लग्न ठरतं तिथं मात्र उलटं झालं. मुलगी काही बोलत नाही, नुसती मैदानातल्या खांबाला टेकून उभी राहते. नातीनं काही सांगायच्या आधीच त्यातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “अय्यो, पापम्!” म्हणजे तेलुगूत ‘अरेरे, बिचारी!’ आणि सगळ्या थिएटरात एक शेंग फुटली नाही.

आता अंतिम सामना. ज्यांनी खेळ कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढची मजा कळणार नाही. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठजण मैदानाच्या मधल्या पाटीवर चौकोनांत बसतात, एकाआड एक उलट दिशेला तोंड करून. नववा पळतो. त्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागं वळायचं नाही आणि मधली पाटी ओलांडायची नाही. त्याला पलीकडं जायचं असेल तर बसलेल्याला पाठीमागून खो द्यायचा. म्हणजे पकडणारा बांधलेला आणि पळणारा मोकळा. सगळं सौंदर्य यातच आहे.

सिनेमातला सामना बरोबरीत सुटतो. अलाहिदा, म्हणजे जादाच्या डावातही बरोबरी होते आणि गाडी येते लघुतम आक्रमणावर, म्हणजे पहिला गडी जो संघ कमी वेळात टिपेल तो जिंकला. नाट्य म्हणून याहून चांगलं काय मिळणार? पण हे नक्की काय आहे ते सिनेमात कुणी सांगतच नाही. निम्मं थिएटर ‘आता काय चाललंय’ म्हणून शेजाऱ्याकडं बघत होतं. मी मागच्या तीन रांगांना समजावून सांगितलं, पंचाची सवय जात नाही. आणि मग, घड्याळ टिकटिक करतंय, संगीत वर चढलंय, कर्णधार मुलगी पळणारीच्या मागं सुटते, पळणारी हुलकावणी देते, आणि ही मधूनच गर्रकन मागं वळून तिला शिवते! संथ गतीत. मागं तुतारी.

क्षणभर शांतता. मग शाळेच्या संघांच्या रांगेतून एकाच वेळी तीस-चाळीस गळे, “फाऊल!”

“दिशा बदलली की बे!”

“पंचाचे डोळे गेले काय?”

मी स्वतः उभा राहिलो होतो, हे बायकोनं नंतर सांगितलं. हात शिट्टीसाठी खिशाकडं गेला होता म्हणे. तेवढ्यात मागून एक पोरगं ओरडलं, “काका बसा की, ती वजीर असेल!” झालं, दोन पिढ्यांत जुंपली. वजीर म्हणजे अल्टिमेट खो-खो लीगनं आणलेला खेळाडू, त्याला कुठल्याही दिशेनं वळायची मुभा. ती लीग सुरू झाली २०२२ मध्ये. सिनेमात तर एसटीडी बूथ आहे, कॅसेट आहे, रुपयाचं नाणं टाकून फोन लावतात. मी ओरडून सांगितलं, “अरे तेव्हा वजीर फक्त बुद्धिबळात होता!” मिळालेल्या हशांत हा बहुतेक दुसऱ्या नंबरचा, पातेल्यानंतरचा. पडद्यावर मास्तर आनंदानं रडत होते, त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटच्या रांगेत टोपी घातलेला एक तरुण गुडघ्यावर वही ठेवून भराभरा लिहीत होता. दिग्दर्शक तोच, हे नंतर कळलं. बिचाऱ्याचं डोकं वर आलं नाही.

दिवे लागले. इथून पुढचं खोटं. आधी फॉर्म आले. ‘शेवट आवडला का? हो / नाही’, ‘सिनेमा इतरांना सुचवाल का? नक्की / कदाचित / नाही’, अशा चौकटी. फॉर्म ढीगभर, पेनं मोजकी. एका रांगेत एक पेन फिरत होतं आणि पेनाबरोबर उत्तरंही. पहिल्यानं ‘नक्की’वर खूण केली, की पुढच्या दहाजणांची ‘नक्की’. ज्या पोरांनी दहा मिनिटांपूर्वी फाऊल म्हणून घसे फोडले होते, त्यांनीही ‘शेवट आवडला’वर खुणा केल्या, मी डोळ्यांनी बघितलंय. पातेल्याच्या वाक्याला चौकट नव्हती. म्हातारीच्या ‘पापम्’लाही नव्हती.

मग दारात कॅमेरा घेऊन उभा असलेला पोरगा. कॅमेऱ्यापुढं माणूस आला की त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. “एक नंबर!” “फॅमिलीसोबत बघा!” “डोळ्यांत पाणी आलं!” आणि एक गृहस्थ, छातीवर हात ठेवून, “पूर्ण पैसा वसूल.” पास दाखवून आत आलेला माणूस! मी हसलो, तर कॅमेरा माझ्याकडं वळला. “काका, तुम्हाला कसा वाटला?” मी, जो उभा राहून ओरडलो होतो, म्हणालो, “छान प्रयत्न आहे. मुलींनी मेहनत घेतलीय.” आता बोला.

हे फुकट बघितल्यामुळं झालं का? मला नाही वाटत. ते टोपीवालं पोरगं चार पावलांवर उभं होतं, शर्ट घामानं भिजलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होतं. त्याच्या तोंडावर ‘शेवट चुकला’ कसं म्हणणार? हुतात्मा स्मृती मंदिरात तिकीट काढून नाटक बघितल्यावर रंगपटात जाऊन मी असंच बोलतो. फुकटानं झालंच असेल तर उलट झालं. एरवी जे सिनेमाला येत नाहीत ते आले. म्हाताऱ्या आल्या, शाळेची पोरं आली, आणि त्यांना गप्प बसून बघायची सवय नसल्यामुळं सगळं तोंडावर कळलं.

दहा मिनिटांनी चार पुतळ्यापाशी चहाच्या गाडीवर तीच माणसं भेटली. तिथं खरं सुरू झालं. पहिला भाग झकास, दुसऱ्यात मास्तरांचं रडणं जास्त. म्हैस कापा. आईचं काम करणारी बाई कोण आहे, तिला अजून दाखवायला पाहिजे होतं. पैसा वसूलवाले गृहस्थ कटिंग घेत म्हणाले, “नायक मास्तर कशाला केला बे? पोरी खेळायल्यात आणि टाळ्या मास्तरला.” आमच्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं, आणि कॅमेरा तोपर्यंत पेटीत गेला होता.

म्हणून तुम्ही अशा शोच्या क्लिप बघून तिकीट काढायचं की नाही ठरवत असाल, तर लोकांचं नुसतं कौतुक म्यूट करा. कोण हसून मग सिनेमातला प्रसंग स्वतःहून सांगायला लागतं ते बघा. ‘छान’, ‘एक नंबर’ म्हणणाऱ्याला एखादा प्रसंग आठवत नसेल तर त्याला सिनेमा लागला नाही. तुम्ही शो लावणाऱ्यांपैकी असाल तर फॉर्मचे पैसे वाचवा, एक माणूस चहाच्या गाडीवर उभा करा. आणि शेंगा वाटा.

काही महिन्यांनी सिनेमा लागला, तेव्हा आम्ही दोघं तिकीट काढून गेलो. आरडाओरडा कामी आला होता. कर्णधार वळते, पंच शिट्टी मारतो, फाऊल, घड्याळ चालूच, आणि मग ती खाली बसलेल्या लहानग्या मुलीला खो देते, ती गडी टिपते. फार चांगलं झालंय ते, मी टाळी वाजवली. एसटीही आली होती. म्हैस होती तशीच पाच मिनिटं पळत होती. चुलीचा प्रसंग आला, बायको आधीच हसायच्या तयारीत माझ्याकडं वळली. मुलगी म्हणाली तालुक्याला सामने आहेत, आईनं मान वर न करता “बरं” म्हटलं, आणि पुढचा प्रसंग सुरू झाला.

घरी येताना सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा बायको मागून म्हणाली, “पातेल्याचं का काढलं हो?”