साहेब काहीच बोलत नाहीत

प्रश्न : ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. आधीचे शाखाधिकारी फाइल देताना म्हणायचे, ‘ही तूच बघ, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.’ ते निवृत्त झाले. नवे साहेब ओरडत नाहीत, पण बोलतही नाहीत. फाइल नेली की मान वर न करता ‘ठेवा तिथे’. परवा एका प्रस्तावात सातबाऱ्यावर बहिणीचं नाव होतं, संमतिपत्र नव्हतं. मी शेरा मारला. साहेबांनी फाइल पूर्ततेसाठी परत पाठवली, मला चकार शब्द नाही. हल्ली साधी सोनेतारणाची पावतीही मी पुन्हा पुन्हा तपासते, शेजारच्या मॅडमना दाखवते. अधिकारीपदाच्या परीक्षेचा अर्ज भरायला हात धजत नाही. नवरा म्हणतो, तुला कौतुकाची चटक लागली होती. काउंटरवर नवीन आलेला मुलगा सगळं मलाच विचारतो, तेव्हा तर हसूच येतं. खरंच मला काम येतं का?
– गोंधळलेली

उत्तर : नवऱ्याला सांग, चटक वगैरे काही नाही. वरिष्ठांच्या शब्दाने माणसाला हुरूप येतो आणि तो शब्द बंद झाला की चुकल्यासारखं होतं. यात लाजण्यासारखं काय आहे?

पण जुन्या साहेबांनी नेमकं काय केलं होतं, ते जरा आठव. ते नुसतं ‘छान, छान’ म्हणत नव्हते. ‘तुझ्या नजरेतून सुटत नाही’ म्हणायचे आणि त्याच क्षणी फाइल तुझ्या हातात द्यायचे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं की ‘हे मला जमेल’ हा भरवसा मुख्यतः चार वाटांनी येतो : स्वतः करून दाखवलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते जमताना पाहणं, कुणीतरी ‘तुला जमेल’ म्हणणं आणि त्या वेळी आपलं मन-शरीर कसं आहे ते. यात सगळ्यात पक्की वाट पहिली. शब्द माणसाला कामाला हात घालायला लावतो, पुढचा भरवसा त्या कामातून येतो. साहेब गेले, त्यांचा शब्द गेला. फाइली तर तूच तपासल्या होत्यास ना? त्या निवृत्त झालेल्या नाहीत.

आता नव्या साहेबांकडे येऊ. त्या सातबाऱ्याच्या फाइलचं तू दोन ओळींत उरकलंस, मी मात्र तिथेच थांबले. तू शेरा मारलास, फाइल पूर्ततेला परत गेली. अगं, तुझा शेरा त्यांनी जसाच्या तसा धरला! शंका असती तर बोलावून विचारलं असतं, नाहीतर शेरा डावलून प्रस्ताव पुढे रेटला असता. तोंडाने बोलले नाहीत, एवढंच. ते का बोलत नाहीत हे मला इथे बसून कसं कळणार? थकबाकी, वसुली, हप्ता थकून नव्वद दिवस उलटले की कर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादक. शाखाधिकाऱ्याच्या डोक्यात काय काय चालू असतं हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. म्हणून मी त्यांना माफ करत नाही हं. पगार मिळतो, वर कौतुक कशाला, असं मानणारे साहेब आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यापायी चांगली माणसं कशी आक्रसतात ते तुझ्या पत्रात दिसतंच आहे.

मला काळजी वेगळीच वाटते. मिळालेल्या अभिप्रायाचा कामावर काय परिणाम होतो, यावरच्या कितीतरी अभ्यासांचा एकत्रित आढावा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरीने काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते उलट घसरलं होतं. लक्ष कामावरून उडून ‘माझ्याबद्दल काय मत आहे’ याकडे वळलं की असं होऊ शकतं, असं त्या संशोधकांचं म्हणणं. तुझं तेच झालंय, तेही कुणी काही न बोलता. पावती हातात असते आणि डोक्यात साहेबांचा चेहरा.

तेव्हा पावती बँकेच्या नियमात बसेल तेवढीच तपासायची. मॅडमना दाखवायचं ते खरोखर अडलं तरच. हवं तर महिनाभर टिपून ठेव, जादा तपासणीत खरी चूक किती वेळा सापडली ते.

आणि साहेबांशी तूच बोल. ‘सर, माझं काम कसं वाटतं?’ असं मात्र विचारू नकोस, ‘ठीक आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. संध्याकाळी कॅश जुळली, गर्दी ओसरली की एकच फाइल घेऊन जा. ‘सर, परतफेडीच्या क्षमतेबद्दल मी हे लिहिलंय, यात काही राहिलंय का?’ नेमक्या प्रश्नाला मितभाषी माणूसही नेमकं उत्तर देतो. कदाचित चूक काढतील. काढू देत, ती त्या फाइलपुरती.

जुन्या साहेबांना फोन जरूर कर, ख्यालीखुशालीसाठी. प्रमाणपत्र मागायला नको.

तो काउंटरवरचा मुलगा तुलाच का विचारतो, याचं तुला हसू येतं म्हणे. शेजारी मॅडम आहेत, आत साहेब आहेत, तरी तो तुझ्याकडे येतो. त्याला ‘हं, बरोबर’ म्हणून वाटेला लावत असशील, तर व्हाउचरमध्ये त्याने काय बरोबर केलं तेही सांगत जा. त्याचेही दिवस नवेच आहेत.

परीक्षेचा अर्ज या आठवड्यात भर, साहेबांच्या शब्दाची वाट बघू नकोस. शेवटची तारीख तू पत्रात लिहिलेली नाहीस. ती आधी बघ.