बर्चच्या बियांत माशी शिरली की काय?

प्रश्न : नमस्कार ताई, मी नाशिकची, सध्या मुलाकडे एडिंबराला आलेय. इथे घरासमोर सिल्व्हर बर्च आहे, पांढऱ्या सालीचा. सप्टेंबरमध्ये त्याचे वाळलेले तुरे खाली पडले ते चुरून बी काढलं आणि ट्रेमध्ये पेरलं, वर बोटभर माती टाकली. तीन आठवडे झाले, काहीच नाही. उरलेलं बी नीट पाहिलं तर काही दाणे चपटे, पंखवाले, आणि बरेच मोहरीसारखे टुम्म फुगलेले, पंख गायब! एक फोडला तर आत नारिंगी अळी. झाडाला रोग लागलाय का? औषध मारायला सांगू का मुलाला?

उत्तर : काकू, औषधबिवध काही नको, झाड एकदम ठणठणीत असणार. ती नारिंगी अळी आहे सेमुडोबिया नावाच्या माशीची. माशी म्हणतेय खरं पण दिसायला चिलटाएवढी. आपल्या भंडारा-गोंदियाकडचे शेतकरी भातावरच्या गादमाशीला ओळखतात, जी भाताच्या कोंबाची कांद्याच्या पातीसारखी नळी करते, तिच्याच खानदानातली ही, फक्त ही बर्चचं बी धरून बसते. दाण्याचा फुगवटा म्हणजे झाडानेच बांधून दिलेली खोली, एका खोलीत एकच अळी, भाडं नाही काही नाही!

तुम्ही पाहिलेली बहुतेक सेमुडोबिया बेटुली, तिला १८५३ मध्ये विनर्ट्झ या कीटक-अभ्यासकाने नाव दिलं. नंतर कळलं की सगळ्या एकाच जातीच्या नाहीत, १९७७ मध्ये रॉस्कम या अभ्यासकाने आणखी दोन वेगळ्या काढल्या, त्यातली एक तर दाण्यात राहतच नाही, तुऱ्यातल्या खवल्याच्या बुडाशी गाठ करते. म्हणजे कुठे आणि कसं फुगलंय ते बघूनच कोण आहे ते ओळखायचं, माशी बघायची गरज नाही.

आता खरी मजा. फुगलेला दाणा उजेडासमोर धरा, भिंग असेल तर उत्तम, एका जागी गोल पातळ ठिपका दिसेल, खिडकीच म्हणा. पूर्ण वाढलेल्या माशीच्या तोंडाला कुरतडायची सोय नसते, त्यामुळे कडक दाण्यात ती कायमची अडकली असती, पण तिथे भिंत पातळ असल्याने कोष धक्का देऊन बाहेर येतो. तुरा सुटला की दाणे जमिनीवर पडतात, अळी थंडीभर त्यातच पडून राहते, वसंतात बर्चला नवे तुरे येतात तेव्हाच माशी निघते आणि त्याच तुऱ्यांत अंडी घालते. जगते थोडेच दिवस. आणि हो, कधीकधी खोलीतून माशीऐवजी बारीकशी गांधीलमाशी निघते, तिने अळीला खाऊन टाकलेलं असतं.

तुमचं बी न उगवण्याचं कारण मात्र निम्मं तुमच्या हातातलं आहे, रागावू नका. फुगलेल्यातून रोप येणार नाही, ते बाजूला काढाच, पण बर्चच्या बीला उगवायला उजेड लागतो आणि तुम्ही बोटभर माती टाकलीत! चपटे दाणे ओल्या वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा आणि मग मातीवर नुसते भुरभुरा, वर काही टाकू नका. तरी सगळे उगवतील अशी आशा नको, पोकळ दाणेही खूप असतात. एवढ्या बियांतल्या काही माशीने घेतल्या तर बर्चला फरक पडत नाही.

आपल्या भूर्जपत्राचं झाड याच गोत्रातलं बरं का, पण ती हिमालयातली वेगळी जात.

फुगलेले दाणे कचऱ्यात टाकू नका, झाडाखाली परत टाका. ट्रेमध्येच राहिले तर एखाद दिवशी सूनबाई किचनच्या काचेवर चिलटं बघून तुम्हालाच विचारतील.