पिशवीतल्या तुराट्या
वाचकांचे प्रश्न : गणित अध्यापन

प्रश्न : आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत दहावीच्या सांख्यिकीसाठी दोन तास मिळाले आहेत. तीसेक शिक्षक येतील. मागच्या वेळी तिन्ही पद्धतींनी मध्य (म्हणजे सरासरी) काढून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि वर्गात तेच फळ्यावर उतरवलं. वेगळं काय करावं?
— एक केंद्रप्रमुख, औसा तालुका

उत्तर : सरळ, गृहीतमध्य, मध्यप्रमाण विचलन या तिन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं. त्या आकडेमोड हलकी करायच्या युक्त्या आहेत आणि शिक्षकांना त्या येतातच. घोळ त्याच्या आधी असतो : आकडे आले कुठून आणि निवडताना काय बिघडलं? दोन्ही तास त्यालाच द्या.

त्यासाठी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, वापरा; त्या तर गावात फुकट मिळतात. साधारण एका जाडीच्या घेऊन 100 तुकडे करा : 5 सेंमीचे 60, 10 सेंमीचे 30, 30 सेंमीचे 10. प्रत्येकावर 1 ते 100 असा क्रमांक टाका. एकूण लांबी 900 सेंमी, म्हणजे खरा मध्य 9 सेंमी. हा आकडा शेवटपर्यंत फोडू नका. आधी कळला की लोक तुकडे चाचपून निवडतात आणि खेळ बिघडतो.

तुकडे गोणपाटाच्या पिशवीत घाला. प्रत्येकाने डोळे मिटून 5 काढायचे, मोजायचे, मध्य लिहायचा, तुकडे परत टाकायचे. फळ्यावर संख्यारेषा आखून प्रत्येकाच्या मध्याचा एक ठिपका द्या. बहुतेक ठिपके 9च्या उजवीकडे पडतात, कारण लांब काडी हाताला आधी लागते. लांबीच्या प्रमाणात तुकडे हाती येतात असं धरलं, तर मध्य 15 येतो. हे गणित शिक्षकांनाच करू द्या.

‘पाच कमी झाले, वीस घ्या,’ असं कुणीतरी म्हणणारच. जरूर घ्या. ठिपके एकमेकांजवळ सरकतात, पण चुकीच्या जागेभोवती. नमुना मोठा केला की चढउतार कमी होतो, एका बाजूला झुकण्याचा कल मात्र तसाच राहतो. शिक्षक इथेच अडखळतात, तेव्हा घाई करू नका. मग 1 ते 100च्या चिठ्ठ्या टाका आणि चिठ्ठीवरच्या क्रमांकाचे तुकडे घ्या. आता ठिपके 9च्या दोन्ही बाजूंना पडतील.

हा नुसता वर्गातला खेळ नाही. सोयाबीनच्या पीक कापणी प्रयोगात, म्हणजे थोडं पीक कापून उत्पादनाचा अंदाज बांधताना, 10 मीटर बाय 5 मीटरचा प्लॉट आखतात, तोही यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठीसारख्या निघालेल्या, आकड्यांवरून. चांगलं पीक बघून नाही. 1940च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिलं, की प्लॉट फार लहान असला तर उत्पादनाचा अंदाज फुगतो. लहान प्लॉटला क्षेत्राच्या मानाने कड जास्त, आणि कडेवरचं झाड मापणाऱ्याच्या हातून आत ओढलं जातं. शाळेच्या पटांगणात चुन्याने 1 बाय 1 मीटरचा आणि 10 बाय 5 मीटरचा असे दोन चौकोन आखा. लहानाची कड 4 मीटर, क्षेत्र 1 चौ. मीटर. मोठ्याची कड 30 मीटर, पण क्षेत्र 50 चौ. मीटर.

प्रश्न : मध्य आणि मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) मुलं बिनचूक काढतात. कधी कोणता सांगायचा, हे मात्र मलाही धड सांगता येत नाही.
— एक शिक्षिका, परतूर

उत्तर : सात घरांची जमीन घ्या, एकरांत : 1, 2, 2, 3, 3, 4, 20. मध्य 5, मध्यक 3. ‘सरासरी 5 एकर’ म्हटलं, तर सातांतली सहा घरं त्याच्या खालीच आहेत. आता 20चे 41 करा : मध्य 8 होतो, मध्यक हलत नाही. घर साधारण कसं आहे हे सांगायचं तर मध्यक. गावाची एकूण जमीन काढायची तर मध्यच हवा, कारण 7ने गुणून बेरीज परत मिळते. मध्यकावरून ती मिळत नाही.

प्रश्न : आयतालेखात (हिस्टोग्राममध्ये) मुलं स्तंभांमध्ये फटी ठेवतात.
— एक शिक्षक, कळमनुरी

उत्तर : वर्ग, म्हणजे आकड्यांचे गट, 11-20, 21-30 असे असले, तर ते आधी 10.5-20.5, 20.5-30.5 असे सलग करून घ्या. फट आपोआप जाते. 20-30, 30-40 असे असतील, तर 30 हा पुढच्या वर्गात जातो. वर्गांची रुंदी असमान असली तर मात्र वारंवारतेला (वर्गातल्या नोंदींच्या संख्येला) रुंदीने भागून उंची घ्यावी लागते, नाहीतर रुंद वर्ग विनाकारण मोठा दिसतो.