आईला साक्षीदार म्हणून पोलीस स्टेशनला बोलावलंय, जावंच लागेल का?

नाही, तुमच्या आईंना पोलीस स्टेशनला जायची सक्ती करता येत नाही, जबाब घ्यायचा असेल तर पोलिसांनी घरी यायचं. 1 जुलै 2024 पासून सीआरपीसीच्या (जुना फौजदारी प्रक्रिया कायदा) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीये, तिच्या कलम 179 मध्ये हे स्पष्ट लिहिलंय, बाई असेल तर वय कितीही असो, पुरुष 15 च्या आतला किंवा 60 च्या वरचा असेल, शिवाय अपंग किंवा खूप आजारी माणूस, यांना राहत्या जागेशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही. स्वतःहून जायचं असेल तर जाऊ शकतात. आणि नुसत्या फोनवर घाबरून धावत जाऊ नका प्लीज, साक्षीदाराला बोलवायलाही लेखी आदेश लागतो, तो मागा आणि कोणत्या केसमध्ये, कोणते अधिकारी हे लिहून घ्या. जबाब देताना,

- जे माहितीये ते खरं सांगायचं, पण ज्या उत्तराने आपल्यावरच गुन्हा येईल ते द्यायचं बंधन नाही
- लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते (कलम 181), हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं

फक्त एक बघा, हे सगळं साक्षीदारासाठी आहे. हातात कलम 35(3) ची नोटीस आली असेल तर त्यांच्यावरच संशय आहे असा अर्थ होतो, तिथे हजर राहावंच लागतं, नाही गेलं तर अटक होऊ शकते, त्यामुळे नोटिशीवरचं कलम आधी वाचा आणि 35 दिसलं तर वकिलाला गाठा.