दादाचा विश्वास खरा की खोटा, हे तुम्ही ठरवू नका

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातली हकीकत वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही आणि तुमचा मोठा भाऊ एकाच मंडळीत, म्हणजे एकाच चर्चमध्ये, वाढलात. देशात आश्रयाला आलेल्या लोकांना हाकलून द्यावं, असा मजकूर दादाने घरच्या ग्रुपवर टाकला आणि तुम्ही विरोध केलात. त्यावर ‘तुझा प्रभू वेगळाच दिसतोय’ असं त्याने सगळ्यांदेखत लिहिलं. ‘अडाण्यांशी मी वाद घालत नाही’ असं उत्तर देऊन तुम्ही ग्रुप सोडलात. तेव्हापासून बोलणं बंद आहे. उपासनेत तो पुढे बसला की तुम्ही मागचं बाक धरता. आता विचारता आहात, विश्वासाखातर गप्प बसू की मंडळी बदलू?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको.

बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा चौदावा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा. मांस खावं की नाही, अमुक दिवस पाळावा की नाही, यावरून तिथे तट पडले होते. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल दोन्ही तटांना ‘भांडू नका’ एवढंच सांगून थांबत नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, असं तो एकाला सांगतो. न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असं दुसऱ्याला. दोघांचं दुखणं त्याने वेगवेगळं ओळखलं आहे. दादाने तुम्हाला दोषी ठरवलं, थेट तुमच्या प्रभूवर शंका घेतली. ते चूकच होतं आणि तुम्हाला लागलं असणार. पण तुम्ही त्याला तुच्छ लेखलंत. तुमच्या पत्रात ‘अडाणी’ हा शब्द पुन्हापुन्हा येतो. तेवढा भाग तुमच्या पदरातला आहे आणि तो तुम्हालाच निस्तरावा लागेल.

तुम्ही म्हणाल, मांस खाण्याचा वाद वेगळा आणि माणसांना हाकलण्याचा वेगळा. अगदी खरं. ‘मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं’ हे ज्या येशूच्या तोंडचे शब्द आहेत, त्याच्या मागे चालणाऱ्याने या प्रश्नावर मत गिळून बसू नये. शांतता राखायची म्हणून दुसऱ्याच्या जिवावरचं संकट नजरेआड करणं, याला मी ख्रिस्ती नम्रता म्हणणार नाही.

बोलायचं कसं, हे मात्र अंत्युखिया शहरात घडलेल्या प्रसंगात पाहा. येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायला बसत असे. यरुशलेमहून काही जण आले, त्यांच्या धाकाने तो पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर आणि सर्वांसमक्ष अडवलं. पण त्याने नेमकं काय म्हटलं ते बघा. ‘तुझं हे वागणं सुवार्तेला धरून नाही’ असं तो म्हणतो. ‘तू ख्रिस्ताचा नाहीस’ असं म्हणत नाही. दादाशी बोलताना हा फरक सोडू नका. त्या मजकुरातलं कोणतं वाक्य तुम्हाला खोटं किंवा निर्दय वाटतं, ते त्याला नेमकं दाखवा. त्याच्या बाप्तिस्म्यावर, प्रार्थनेवर, आईच्या आजारपणात त्याने केलेल्या सेवेवर बोट ठेवू नका. ही सेवा तुम्हीच पत्रात लिहिली आहे, तीही कौतुकाने. ते कौतुक त्याच्यापर्यंत पोहोचलंय का?

हे बोलणं ग्रुपवर नको. भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याकडे जा, असं मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि अशा वादात आपण सगळ्यात आधी हीच पायरी गाळतो. दहा जण वाचत असले की माणूस समोरच्याला उत्तर देत नाही, त्या दहांना देतो. दादा एकटा असेल तेव्हा जा आणि सुरुवात त्या ‘अडाणी’ शब्दाची क्षमा मागून करा. ‘पण तूही’ हे दोन शब्द त्या दिवशी तोंडातून निघू देऊ नका. मग विचारा, ‘दादा, तुला नेमकी कशाची भीती वाटते?’ त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या, मध्ये तोडू नका. कदाचित त्याची नोकरी डळमळीत असेल, कदाचित मुलांची काळजी असेल. मत पटणार नाही, पण माणूस कळेल.

आणि तो बदललाच नाही तर? तसंही होईल. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचं मार्क नावाच्या सोबत्यावरून इतकं बिनसलं की ते वेगळ्या वाटांनी गेले. मार्क बर्णबाच्या नात्यातला, म्हणजे तिथेही घरचा धागा होताच. पुढे तुरुंगातून आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिताना तोच पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधली वर्षं कशी गेली, हे शास्त्र सांगत नाही. तुमच्या घरातही वेळ लागू द्या.

मंडळी बदलायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही आणि दादासारखी माणसं वेगवेगळ्या छपरांखाली निघून गेली, तर त्याला त्याचीच मतं ऐकू येतील आणि तुम्हाला तुमचीच. मात्र व्यासपीठावरूनच कोणाचा द्वेष शिकवला जात असेल, तर आधी पाळकांशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंशी, बोला; तिथे ऐकलंच गेलं नाही, तर निघण्याचा विचार जरूर करा. भावाशी पटत नाही, एवढ्यावरून निघू नका.

पुढचं प्रभुभोजन, म्हणजे मंडळीने एकत्र भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, येत्या रविवारी आहे, असं लिहिलंय तुम्ही. त्याआधी दादाला फोन करा. त्याने उचलला नाही तर घरी जा.

तुमची,
ताई