सेकंड हँड फोर बाय फोर एसयूव्हीची ट्रान्स्फर केस गेली आहे. भंगारातली दुसरी बसवू, की आहे तीच उघडून दुरुस्त करू?

ट्रान्स्फर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी. दुसरी की दुरुस्ती, ते नंतर बघू. आधीची कशानं गेली, हे तुम्ही प्रश्नात कुठेच लिहिलेलं नाही. मेकॅनिकनंही सांगितलं नसणार, कारण खोदून विचारल्याशिवाय ते कोणी सांगत नाही. कारण न शोधता दुसरी बसवलीत तर तीही जाईल. माझ्या गाडीत नेमकं हेच झालंय, म्हणून एवढं ठासून लिहितोय.

माझीही गाडी सेकंड हँड, ऑटोमॅटिक फोर बाय फोर. म्हणजे लिव्हर ओढायची भानगड नाही. मागची चाकं घसरली की ट्रान्स्फर केसमधल्या क्लच प्लेट दाबल्या जातात आणि ताकद पुढच्या चाकांना मिळते. विकणाऱ्यानं पुढे दोन कोरे टायर टाकून दिले होते, मागचे जुनेच. घरात सगळ्यांना त्या नव्या टायरांचं कौतुक. काही महिन्यांतच गाडी पार्किंगमधून काढताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की अडखळायला लागली. ब्रेक अर्धवट लागल्यासारखी रेटत चालायची आणि खालून कट्‌ कट्‌ आवाज यायचा. सरळ रस्त्यावर मात्र काही नाही.

मी तेव्हाच म्हटलं होतं, पुढच्या-मागच्या टायरांत फरक आहे, तो आधी बघा. भावोजी म्हणाले, "अरे, चारी टायरांवर साइज एकच छापलाय. टायरचा आणि गिअरचा संबंध काय?" भावोजींनी माझ्या कितीतरी आधीपासून गाड्या चालवल्यात, घरात गाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. मेकॅनिकही त्यांच्याच ओळखीचा. त्यानं गाडी रॅम्पवर घेतली आणि ट्रान्स्फर केसचा ड्रेन प्लग, म्हणजे तेल काढायचं बूच, काढला. तेल आलं ते काळंकुट्ट, नाकात जाणारा जळका वास मारत. प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा बसला होता. बोटांत धरून चोळला तर आतले चमकते कण टोचत होते. "ही गेली," तो म्हणाला. कशानं गेली? "गाडी जुनी आहे ना." झालं निदान. भंगारातून त्याच मॉडेलची केस आली, बसली, गाडी मऊ चालायला लागली. टायर तेच.

तीही गेली. तेच अडखळणं, तोच जळका वास. आणि भावोजींचं म्हणणं काय, तर भंगारातला माल असाच निघायचा.

मालात काही खोट नव्हती. हिशेब करून बघा. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते. मागचे झिजून 3 मिलिमीटरवर आले असतील तर त्रिज्येत 5 मिलिमीटरचा फरक पडला, म्हणजे परिघात जवळपास 31 मिलिमीटरचा. चाकाचा परिघ 2.3 मीटर धरला तर एका किलोमीटरला चाक 435 फेरे घेतं. गुणाकार केला की पुढच्या आणि मागच्या चाकांत दर किलोमीटरला 13-14 मीटरची तफावत निघते. टायर वजनाखाली दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी भरेल, पण तफावत राहतेच, आणि ती जिरते क्लच प्लेटमध्ये. तुम्ही हायवेला आरामात गाणी ऐकत चाललेले असता आणि खाली प्लेट घासत असतात. त्यात मागची लहान झालेली चाकं जास्त वेगानं फिरतात. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, मागची चाकं घसरतायत, म्हणून तो प्लेट आणखी दाबतो. मग तेल जळणार नाही तर काय होणार?

दुसरी केस गेल्यावर मी भावोजींनाच सोबत घेतलं. सपाट जागी गाडी न्यूट्रलला टाकली, पुढच्या आणि मागच्या टायरवर अगदी जमिनीला टेकतात तिथे खडूनं खुणा केल्या आणि गाडी सरळ ढकलत नेली. पुढच्या चाकाचे दहा फेरे पूर्ण होऊन त्याची खूण पुन्हा खाली आली, तेव्हा मागच्या चाकाची खूण खालून कधीच पुढे सरकली होती. भावोजी वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "एवढ्याशानं काही होत नाही." त्यावर मी वाद घातला नाही. एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे चार टायर एकदम टाकले आणि मगच तिसरी केस बसवली. तीही भंगारातलीच होती. ती अजून व्यवस्थित चालतेय.

आता तुमच्याकडे वळतो. आधी केस खरंच गेलीय का, ते पक्कं करा. मोड बदलणारी मोटर किंवा सेन्सर बिघडला तरी केस गेल्यावर लागतो तोच दिवा डॅशबोर्डवर लागतो, आणि प्रोपेलर शाफ्टचा (केसमधून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) जॉइंट सैल झाला तरी खालून तसाच ठोका येतो. केसच गेली असेल आणि तिची बाहेरची बॉडी शाबूत असेल, फक्त आतली चेन, प्लेट, बेअरिंग झिजलं असेल, तर पार्ट मिळतात का बघून दुरुस्त करा. काही केसमध्ये आतला ऑइल पंप हलून हलून मॅग्नेशियमची भिंत आतून खातो, बारीक भोक पडतं आणि तेल नकळत संपतं. तशी असेल तर दुसरीच शोधा.

दुसरी घेताना नुसतं "याच मॉडेलची आहे" यावर विश्वास ठेवू नका. केसवर लावलेल्या पट्टीवरचा नंबर जुळवा, इनपुटच्या स्प्लाइनचे (गिअरबॉक्सकडून ताकद येते त्या दाते असलेल्या जोडाचे) दाते मोजा, लो रेंजचा (कमी वेगात जास्त ताकद देणाऱ्या गिअरचा) रेशो एकच आहे याची खात्री करा. विकणाऱ्यासमोरच ड्रेन प्लग काढून तेल आणि चुंबक बघा. तो काढू देत नसेल तर तिथून निघा. बसवताना गिअरबॉक्सच्या मागचं ऑइल सील नवंच टाका, ते वाचवण्यात काही अर्थ नाही. क्रॉस मेंबर (गिअरबॉक्स खालून पेलणारा आडवा पट्टा) काढायच्या आधी गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार हवा, आणि शाफ्ट सोडवायच्या आधी फ्लँजवर (शाफ्ट जिथे बोल्टनं जोडलेला असतो त्या चकतीवर) खूण. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच भरा. काही केसला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लागतं, काहींना गिअर ऑइल, काहींना कंपनीचं खास. "सगळ्यात हेच चालतं" म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

एक गोष्ट मात्र आहे. हे टायरचं पुराण ऑटोमॅटिक किंवा कायम फोर बाय फोर असलेल्या गाड्यांचं. तुमची लिव्हरवाली असेल तर टू-व्हीलमध्ये चालवताना टायरांच्या फरकानं केसला काही होत नाही. तिथे आधीच्या मालकानं कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून गाडी दामटली होती का, ते शोधा. त्यानं चेन ताणली जाते आणि चढावर जोर दिला की दातावरून उडी मारल्यासारखा दणका बसतो.

ऑटोमॅटिक असेल तर पुढेही एखादा टायर फुटला तर एकटा नवा टाकू नका, बाकीच्या तिघांइतकाच झिजलेला शोधा, नाहीतर चारही बदला. भावोजी अजून दोन-दोन बदलतात. त्यांची गाडी टू-व्हील-ड्राइव्ह आहे, तिला ते चालतं.